विद्या, जन्म आणि वस्ती

अमेरिकेस विद्येसाठीं निघालेल्या मुलास मुंबईच्या अमेरिकन वकिलातींतील खिडकीपाशीं जे प्रश्न विचारण्यांत येतात, त्यांतील एकाचें उत्तर घरीं आधींच पाठ करून घेतलेलें असतें. शिक्षण पुरें झाल्यावर काय करणार? परत येणार, असें सांगावयाचें असतें. मुलगा तें सांगतो. ज्यानें घर गहाण टाकून फीची तजवीज केली तो बाप, हें उत्तर खरें ठरूं नये अशी मनांतून इच्छा करीत बाहेर उभा असतो. आणि खिडकीपलीकडील अधिकाऱ्यास या दोन्ही गोष्टी ठाऊक असतात. इतकें उघड असत्य इतक्या गंभीरपणें बोललें जाण्याचे प्रसंग लग्नाच्या वाटाघाटींखेरीज आपल्याकडे फारसे येत नाहींत.

हा प्रश्न त्या अधिकाऱ्याच्या लहरींतून निघालेला नाहीं. त्यास कायद्याचा आधार आहे, आणि त्या कायद्यामागें जवळजवळ दीडशें वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिला असतां असें दिसून येतें कीं, परदेशी विद्यार्थ्यासाठीं अमेरिकेनें दार उघडें ठेविलें तें तो राहील म्हणून नव्हे, तर तो जाईल म्हणून. विद्येनें प्रवेश मिळाला हें खरें. परंतु वस्तीचा प्रश्न आला कीं विद्या बाजूस राहून जन्माची चौकशी सुरू होई. ही चौकशी कोणकोणत्या रूपांनीं झाली तें सांगण्याचा येथें हेतु आहे.

या कथेचा आरंभ हिंदुस्थानांत नाहीं, चीनमध्यें आहे. कॅलिफोर्नियांतील सोन्याच्या खाणी आणि पुढें पॅसिफिक रेल्वे यांच्या कामावर चिनी मजूर आले, आणि काम आटोपल्यावर ते नकोसे झाले. १८८२ सालीं अमेरिकन काँग्रेसनें चिनी मजुरांस देशबंदी करणारा कायदा केला. मात्र त्यापूर्वीं दोन वर्षें चीनशीं झालेल्या करारांत शिक्षक, विद्यार्थी, व्यापारी आणि प्रवासी यांस वेगळें काढलें होतें. मजूर आला कीं राहतो; विद्यार्थी आला कीं शिकतो, अमेरिकेचा माल व अमेरिकेचा धर्म यांची ओळख करून घेतो, आणि मायदेशीं जाऊन मोठ्या हुद्द्यावर चढतो. असा पाहुणा कोणत्या यजमानास नको असेल? अमेरिकन कायद्यानें परदेशी विद्यार्थ्यास प्रथम ओळखलें तें मजुराच्या उलट बाजूचा मनुष्य म्हणून.

पण जो विद्यार्थी पाहुणा न राहतां घरचा होऊं पाहतो त्याची गत काय होते, हेंही त्याच काळांत दिसून आलें. यंग विंग हा १८५४ सालीं येल विद्यापीठाचा पदवीधर झाला. अमेरिकन विद्यापीठाची पदवी घेणारा तो पहिला चिनी. तत्पूर्वीं दोन वर्षें त्यास नागरिकत्व मिळालें होतें. पुढें त्याच्याच खटपटीनें १८७२ पासून १२० चिनी मुलें न्यू इंग्लंडमधील घरांत राहून शिकूं लागलीं, आणि तीं फार अमेरिकन होऊं लागलीं म्हणून चिनी सरकारनें १८८१ सालीं त्यांस माघारी बोलाविलें. यंग विंगची बायको अमेरिकन, मुलगे येलमध्यें शिकणारे. असें असतां १८९८ सालीं अमेरिकन सरकारनें त्यास कळविलें कीं, शेहेचाळीस वर्षांपूर्वीं दिलेलें नागरिकत्व आतां मानतां येत नाहीं. तूं चिनी आहेस. १९०२ सालीं तो मित्रांच्या मदतीनें कसाबसा परत आंत आला, आणि १९१२ सालीं हार्टफर्ड येथें वारला.

हिंदी मनुष्याचा विचार तोंपर्यंत कोणी केलाच नव्हता. नागरिकत्वाचा मूळ कायदा १७९० चा. त्यांत गोऱ्या, मुक्त मनुष्यास नागरिक होतां येईल असें होतें, आणि यादवी युद्धानंतर १८७० सालीं त्यांत आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं न्यूयॉर्क बंदरांत उतरल्या तेव्हां त्यांस अडविणारा कायदा नव्हता, आणि राहण्याचा त्यांचा विचारही नव्हता. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजची पदवी त्यांस १८८६ च्या मार्चांत मिळाली. कोल्हापूरच्या इस्पितळांतील नेमणूक स्वीकारून त्या परत निघाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा मात्र अमेरिकेस गेली. न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी गांवच्या दफनभूमींत, ज्या कार्पेंटरबाईंनीं त्यांस लेकीसारखें सांभाळलें त्यांच्या कुटुंबाच्या जागेंत, ती आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं चित्र बदललें. पॅसिफिक किनाऱ्यावर पंजाबी शेतकरी व मजूर शेंकडोंनीं उतरूं लागले, आणि त्यांच्या मागोमाग बंगाली, पंजाबी व कांहीं मराठी विद्यार्थीही आले. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे ओरेगन व वॉशिंग्टन या संस्थानांत शेतकीचें शिक्षण घेत होते ते याच मंडळींत. हे विद्यार्थी श्रीमंतांचे पुत्र नव्हते. सुटींत लाकडाच्या गिरण्यांत व फळबागांत राबून ते फीचे पैसे जमवीत; म्हणजे मजूर आणि विद्यार्थी यांच्यामध्यें कायद्यानें ओढलेली रेघ उन्हाळ्यापुरती पुसून जाई. १९१७ सालीं अमेरिकेनें आशियाच्या बहुतेक भागावर, हिंदुस्थान धरून, बंदी घातली, तेव्हांही विद्यार्थी व शिक्षक वगळले होते. आलेल्याचें पुढें काय, हा प्रश्न मात्र कायद्यानें मोकळाच ठेविला होता. त्याचें उत्तर एका विद्यार्थ्याच्या खटल्यांत मिळालें, आणि तें इतकें शिकविणारें आहे कीं तेथें थोडें थांबलें पाहिजे.

भगतसिंग थिंद हे अमृतसर जिल्ह्यांतील तरुण १९१३ सालीं शिक्षणासाठीं अमेरिकेस आले. ओरेगनमधील लाकडाच्या गिरणींत त्यांनीं काम केलें. १९१८ सालीं ते अमेरिकन सैन्यांत भरती झाले, आणि पगडी न उतरतां त्यांनीं तो गणवेश वागविला. त्याच वर्षीं वॉशिंग्टन संस्थानांत त्यांस नागरिकत्व मिळालें, आणि चार दिवसांत तें काढून घेण्यांत आलें. १९२० सालीं ओरेगनच्या न्यायाधीशानें तें पुन्हा दिलें. सरकारनें अपील केलें, आणि प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें.

त्याच्या थोडेंच आधीं, १९२२ च्या नोव्हेंबरांत, त्याच न्यायालयानें ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज फेटाळला होता. ओझावा हेही एके काळचे विद्यार्थीच; बर्कले येथें कॅलिफोर्निया विद्यापीठांत ते तीन वर्षें शिकले होते, आणि घरांत मुलांशीं इंग्रजीच बोलत. त्यांच्या वर्तनांत न्यायालयास कांहीं उणें दिसलें नाहीं. परंतु गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी मनुष्य त्या वंशाचा नव्हे, म्हणून अर्ज नामंजूर. थिंदांच्या पक्षास वाटलें, काम झालें. त्या वेळच्या मानववंशशास्त्राच्या ग्रंथांत उत्तर हिंदुस्थानचे लोक कॉकेशियन म्हणून नोंदलेले होते. पण १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं त्याच न्यायमूर्ति सदरलंडनीं लिहिलेल्या निकालांत शास्त्र गुंडाळून ठेवण्यांत आलें. पंडितांचे शब्द कांहींही असोत, सामान्य मनुष्य ज्यास गोरा समजतो तोच गोरा, असें ठरलें. तीन महिन्यांपूर्वीं ज्या मापानें जपान्यास बाहेर ठेविलें, तें माप हिंदी मनुष्यास आंत घेऊं लागतांच टाकून दिलें.

या अन्यायाची चीड आपल्या वाचकांस येईल, आणि ती यावी. परंतु थिंदांच्या बाजूनें कोणता युक्तिवाद करण्यांत आला होता तो आपण सहसा सांगत नाहीं. ते उच्च जातीचे, शुद्ध आर्य रक्ताचे आहेत, जातिभेदामुळें तें रक्त निर्भेळ राहिलें आहे, आणि उच्चवर्णीय हिंदूस येथील आदिवासी मनुष्याविषयीं, विवाहसंबंधाच्या बाबतींत, जें वाटतें तेंच अमेरिकनास नीग्रोविषयीं वाटतें, असें सांगण्यांत आलें होतें. भेद करणें चुकीचें आहे असें कोणी म्हटलें नाहीं. भेदाच्या रेषेच्या वरच्या बाजूस आम्हांस घ्या, एवढीच मागणी होती. आणि जेथें जन्म हाच पुरावा म्हणून पुढें केला, तेथें जन्मावरच निकाल लागला तर तक्रार कोणत्या तोंडानें करावयाची? वकिलांस दोष देऊन हा प्रश्न सुटत नाहीं. कायद्यानें जो प्रश्न विचारला त्याचेंच उत्तर त्यांनीं दिलें. पण तें उत्तर त्यांस किती सहज सुचलें!

थिंद आले त्याच १९१३ सालीं भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति होती, आणि परत येऊन संस्थानची दहा वर्षें नोकरी करीन असा करार त्यांनीं लिहून दिला होता. कोलंबियांतून ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर अभ्यास अर्धा टाकून १९१७ सालीं ते परतले आणि ठरल्याप्रमाणें बडोद्यास रुजू झाले. त्या शहरांत त्यांस राहावयास जागा मिळेना. हिंदूंच्या खाणावळींत सोय होण्याचा संभव नव्हता. तेव्हां एका पारशी पथिकाश्रमांत, पारशी नांव नोंदवून, त्यांनीं कांहीं दिवस काढले. मग एके सकाळीं काठ्या घेतलेली पारशी मंडळी दारांत उभी राहिली, आणि संध्याकाळपर्यंत निघून जाण्याचा हुकूम झाला. मित्रांकडेही आसरा मिळाला नाहीं. एका सार्वजनिक बागेंत बसून त्यांनीं वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीनें मुंबई गांठली. या आठवणी त्यांनीं पुढें इंग्रजींत लिहून ठेविल्या. त्या ज्या नांवानें प्रसिद्ध आहेत त्याचा अर्थ 'व्हिसाची वाट पाहत' असा होतो.

ज्या जन्मश्रेष्ठतेच्या आधारें १९२३ सालीं वॉशिंग्टनमध्यें वस्ती मागण्यांत आली, तिनें सहाच वर्षांपूर्वीं बडोद्यांत, स्वदेशांत, कोलंबियाच्या पदवीधरास रात्रीपुरती खोली मिळूं दिली नव्हती. परदेशी विद्या आणि कायमची वस्ती यांविषयीं बोलतांना ही दुसरी वस्तीही हिशेबांत धरली पाहिजे. सगळेच विद्यार्थी ज्या घराकडे परत येतात तें घर सर्वांस सारखें उघडें नव्हतें.

थिंद निकालानंतर सरकारनें पूर्वीं दिलेलीं नागरिकत्वें रद्द करण्याचा सपाटा लावला. कॅलिफोर्नियांत नागरिक होण्यास अपात्र असलेल्या परक्यास जमीन धारण करण्याची मनाई होती. त्यामुळें नागरिकत्व गेलें कीं मालमत्ताही धोक्यांत येई. लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित (नांव मराठी, जन्म अहमदाबादचा) यांस १९१४ सालींच नागरिकत्व मिळालें होतें. तें काढून घेण्याचा दावा सरकारनें लावला, आणि पंडितांनीं तो आपल्या कायद्याच्या ज्ञानावर परतविला: जो निकाल एकदां होऊन गेला, ज्यावर विश्वासून मनुष्यानें आपला संसार व व्यवसाय उभा केला, तो सरकारास इतक्या वर्षांनीं फिरवितां येत नाहीं. १९२६ सालीं अपील कोर्टानें हें म्हणणें मान्य केलें. या सबंध हकीकतींत विद्येनें जन्मावर मात केल्याचें उदाहरण शोधूं गेल्यास हें एक सांपडतें. थिंदांस शेवटीं १९३६ सालीं नागरिकत्व मिळालें, पण तें पहिल्या महायुद्धांतील सैनिकांसाठीं झालेल्या कायद्यामुळें, विद्येमुळें नव्हे.

१९२४ च्या कायद्यानें विद्यार्थ्याची वेगळी वर्गवारी केली: वय निदान पंधरा, मान्य संस्थेंत प्रवेश, आणि येण्याचा हेतु केवळ शिक्षण. नागरिक होण्यास जो अपात्र तो वस्तीसाठीं येण्यासही अपात्र ठरला. याचा परिणाम आपल्या चरित्रग्रंथांवर कसा झाला आहे पाहा. त्या काळांत शिकून परत आलेल्यांच्या स्वदेशनिष्ठेचीं वर्णनें आपण मोठ्या प्रेमानें लिहितों. धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी १९२९ सालीं हार्वर्डची पदवी उत्तम रीतीनें घेऊन आले आणि काशीच्या विद्यापीठांत गणित शिकवूं लागले. त्यांची निष्ठा खरीच होती. पण त्यांनीं अमेरिकेंत राहण्याचें मनांत आणलें असतें तरी नागरिक होण्याचा मार्ग त्या वर्षीं बंद होता, ही गोष्ट सांगावयाची राहून जाते. जेथें निवड नव्हती तेथें आपण त्याग पाहतों.

राहिले त्यांची स्थिति यल्लाप्रगड सुब्बारावांवरून कळेल. आंध्रांतील भीमवरमचा हा वैद्य थिंद निकालानंतर आठ महिन्यांनीं बोस्टनला उतरला. हार्वर्डमध्यें फिस्के यांच्यासह त्यानें शरीरांतील फॉस्फरस मोजण्याची जी रीत बसविली ती जगभर प्रयोगशाळांत गेली. १९४० नंतर लेडर्ली कंपनींत त्याच्या देखरेखीखालीं फॉलिक ॲसिड तयार झालें, कर्करोगावरील औषधांचा पाया घातला गेला, आणि ऑरिओमायसिन निघालें. पंचवीस वर्षें तो त्या देशांत राहिला, आणि त्यांतील तेवीस वर्षें कायद्याच्या दृष्टीनें नागरिक होण्यास अपात्र असा परका होता. १९४६ सालीं ती अपात्रता गेली. परंतु १९४८ च्या ऑगस्टांत तो वारला तेव्हां नागरिक झालेला नव्हता. खानखोजे यांचा मार्ग निराळा. गदर चळवळ, महायुद्धांतील इराणची मोहीम, बर्लिन, असा प्रवास करून १९२४ सालीं ते मेक्सिकोस पोहोंचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयांत प्रोफेसर झाले. अमेरिकेंत मिळविलेल्या शेतकीच्या विद्येस वस्ती मिळाली ती शेजारच्या देशांत. मक्याच्या सुधारणेवर त्यांनीं तेथें काम केलें, शेतकऱ्यांसाठीं शाळा काढल्या, आणि स्वातंत्र्यानंतर ते स्वदेशीं परतले. १९६७ सालीं नागपुरास त्यांचें देहावसान झालें.

१९४६ च्या जुलैंत हिंदी लोकांस नागरिक होण्याचा हक्क मिळाला आणि वर्षास १०० जणांचा वांटा ठरला. चाळीस कोटींच्या देशास शंभर! १९५२ च्या कायद्यांत आजच्या विद्यार्थी-व्हिसाचें कलम आलें. जें परदेशांतील घर सोडण्याचा आपला हेतु नाहीं असें घर विद्यार्थ्यास असलें पाहिजे, अशी अट त्यांत आहे. आणि प्रत्येक अर्जदार कायमचा राहावयास निघाला आहे असें धरून चालावें, तसें नसल्याचा पुरावा त्यानें द्यावा, असाही नियम आहे. खिडकीवरील प्रश्नाचें मूळ तें हेंच. १९५६ सालीं विनिमय योजनेवर येणाऱ्यांस दोन वर्षें परत जाऊन राहण्याची सक्ति झाली.

मग १९६५ चा कायदा झाला. राष्ट्रवार जुने वांटे गेले. पूर्व गोलार्धांतील प्रत्येक देशास वर्षास २०,००० पर्यंत जागा ठरल्या, आणि शास्त्रज्ञ व पेशेवाईक लोकांस अग्रक्रमाचा एक वर्ग मिळाला. देशांत राहूनच विद्यार्थ्यास कायम रहिवासी होतां येण्याची सोयही आधींच झालेली होती. त्या वेळीं गेलेल्या इंजिनिअर-डॉक्टरांस ग्रीन कार्ड फारसें न ताटकळतां मिळालें. उपनगरांत घरें झालीं, गणपति बसूं लागले, आणि १९८१ सालीं बृहन्महाराष्ट्र मंडळही स्थापन झालें. पदवी, नोकरी, ग्रीन कार्ड, ही जी तीन पायऱ्यांची शिडी आपल्या घराघरांत गृहीत धरलेली असते, ती या एका पिढीच्या अनुभवावर उभी आहे. अमुक मामा १९७२ सालीं गेले आणि दोन वर्षांत कायमचे झाले, ही कथा भाच्यास सांगतांना त्या दहा-वीस वर्षांपूर्वीं काय होतें आणि त्यानंतर काय झालें, दोन्ही वगळलें जातें. एका पिढीचें भाग्य पुढच्या पिढीनें नियम म्हणून पाठ केलें.

१९९० च्या कायद्यानें नोकरीच्या आधारें द्यावयाच्या कायम वस्तीच्या जागा वर्षास १,४०,००० ठरविल्या, बायकामुलें धरून. आणि कोणत्याही एका देशाच्या वांट्यास शेंकडा ७ हून अधिक सहसा जाऊं नयेत असें ठरलें. हा देश म्हणजे नागरिकत्वाचा नव्हे, शिक्षणाचाही नव्हे, जन्माचा. त्याच कायद्यानें एच-१बी परवान्यास मर्यादा घातली आणि त्या परवान्यावरील मनुष्यास राहण्याची इच्छा उघड बोलून दाखविण्याची मुभा दिली. म्हणजे विद्यार्थी असतांना जी इच्छा असणें हा दोष, तीच नोकर होतांच निर्दोष! पुढें शिक्षणानंतर कामाचा अनुभव घेण्याची मुदत वाढत गेली, अमेरिकन विद्यापीठांच्या उच्च पदवीधरांसाठीं २००४ च्या कायद्यानें २०,००० परवाने वाढले, आणि विद्यार्थ्यांचा लोंढा सुरू झाला. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षांत अमेरिकेंतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,३१,६०२ झाली आणि भारतानें चीनला मागें टाकलें. दार रुंद झालें, माजघर तेवढेंच राहिलें. २०२५ च्या सप्टेंबरांत नव्या एच-१बी अर्जांवर एक लक्ष डॉलरांचें शुल्क बसविण्याची घोषणा झाली, तेव्हां हें दारही किती आयत्या वेळीं लोटतां येतें तें कळून आलें.

एकाच वर्गांत, एकाच बांकावर बसून एकच पदवी घेतलेल्या दोघांपैकीं आइसलँडमध्यें जन्मलेला थोड्या वर्षांत रहिवासी होतो आणि वर्ध्यास जन्मलेला दशकानुदशकें रांगेंत उभा असतो. ओझावांचा वंश, थिंदांचा वर्ण, आणि आतां जन्मगांव. प्रश्न सभ्य झाला आहे, हें कबूल केलें पाहिजे, पण विचारतात तें जन्मच. या रांगेंतून सुटण्याची एक गमतीची वाटही कायद्यांत आहे. नवराबायकोंपैकीं एकाचा जन्म दुसऱ्या देशांतला असेल तर दोघांस त्या देशाच्या वांट्यांत धरतां येतें. वडील नोकरीस असतांना मस्कतला किंवा कुवेतला जन्मलेली मराठी मुलगी त्यामुळें नवऱ्यास भारताच्या रांगेंतून बाहेर काढूं शकते. पत्रिकेंत जन्मवेळेइतकेंच जन्मस्थळही पाहण्यास आतां हरकत नाहीं.

रांगेंतील या माणसांचीं जीं मुलें भारतांत जन्मलीं आणि दोन-तीन वर्षांचीं असतांना आईबापांबरोबर गेलीं, त्यांची गोष्ट सांगावयाची आहे. आईबापांचा क्रम लागेपर्यंत तीं एकवीस वर्षांचीं झालीं तर कुटुंबाच्या अर्जांतून त्यांचें नांव बहुधा गळतें. २००२ सालीं एका कायद्यानें वयाच्या हिशेबांत थोडी सवलत दिली. इतक्या लांब रांगेस ती पुरत नाहीं. अशा मुलास त्या देशांत राहावयाचें असेल तर बहुधा एकच वाट उरते: विद्यार्थी-व्हिसाचा अर्ज. ज्या शाळेंत तो अक्षरें शिकला त्याच गांवच्या कॉलेजांत परदेशी विद्यार्थी म्हणून त्यानें नांव घालावयाचें, परदेशी विद्यार्थ्याची फी भरावयाची, आणि आपलें खरें घर भारतांत आहे व तें सोडण्याचा आपला हेतु नाहीं असें सांगावयाचें. पुराव्यादाखल पत्ता लिहावा लागतो. तो बहुधा आजोबांच्या घराचा असतो, आणि मुलगा तो आईस विचारून घेतो.